न दिसणारी खळ

लाइट गेली की आमच्या वडगावच्या गल्लीतले सगळे माग एकदम थांबत, आणि कानांत इतकी शांतता साचे की उंबऱ्याशी बसलेल्या आक्काच्या रहाटाची कुरकुर तेवढी ऐकू येई... घरभर सुताला लावायच्या शिजवलेल्या खळीचा आंबूस वास, उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे सुताचे तंतू, आणि मांडीवर वाचनालयातलं विज्ञानाचं मासिक उघडं ठेवून कांड्या भरणारी ती माझी थोरली बहीण सुमन, म्हणजेच आक्का.

एकदा रहाटाच्या चाकाला चिकटलेला तंतू वेगानं सुटून माझ्या नाकावर बसला. आक्का हसली आणि मग हात थांबवून म्हणाली, “आकाशगंगा बी अशीच फिरती रं. कडंचं तारं असंच सुटून जायला पायजेत. इतक्या जोरात फिरत्यात. मग सुटत न्हाईत कसं?”

“खळ लावून चिकटवलं असतील,” मी म्हणालो.

“व्हय की,” ती गंभीरपणे म्हणाली, “खळच हाय. फकस्त दिसत न्हाय.”

त्या न दिसणाऱ्या खळीवर तिनं जिल्ह्याच्या निबंधस्पर्धेसाठी निबंध लिहिला, स्वतःच पोस्टात टाकला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नाव आद्याक्षरांत – एस. बी. आणि पुढे आडनाव. मी सुरेश. माझीही आद्याक्षरं तीच.

पहिल्या बक्षिसाचं पत्र आलं, ते वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मागाशेजारी उभं राहून वाचलं. “एस. बी. म्हंजे आमचा सुऱ्याच. पोरीला कोण बोलावतंय?”

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या मागाच्या धोट्याकडे पाहत राहिलो. एक शब्द पुरला असता. शेवटी तीच उठली. “शर्ट काढ. इस्त्री करून देते.”

मंचावर पाहुण्यांनी विचारलं, हे सुचलं कुठून? मी म्हणालो, “रहाटावरनं.” टाळ्या पडल्या. तिथल्याच एका गुरुजींनी मला हाताशी धरलं, सायन्सला घातलं. त्याच वर्षी आक्काचं लग्न निपाणीला झालं. तंबाखूच्या वखारीत तिनं आयुष्य चाळलं, पाखडलं; ती आली की लुगड्याला खळीऐवजी तो उग्र वास येई, आणि पुढेपुढे तिच्याआधी तिचा खोकला घरात येई. त्या पत्राविषयी ती कधीच बोलली नाही. मीही नाही.

आज मी टिळकवाडीत राहतो, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. आकाशगंगेच्या कडेचे तारे कशानं धरून ठेवलेत, हे अजून कुणालाच कळलेलं नाही. ते कोडं ज्या शास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं मोजमापं घेऊन जगाला मानायला लावलं, त्यांना सर्वांत मोठा पुरस्कार मिळालाच नाही, हे मी दरवर्षी वर्गात कळवळून सांगतो. मुली माना डोलावतात. सरांचं मन किती मोठं, असं त्यांना वाटत असावं.

गेल्या महिन्यात निपाणीला आक्काचं तेरावं झालं. पंगत उठल्यावर तिची लेक माझ्याजवळ येऊन बसली.

“मामा, आई शाळंत हुशार होती का वो? तिनं कधी सांगितलंच न्हाय काय.”

उत्तर माझ्या तोंडाशी होतं. बाजूला जावई होते, व्याही होते, मला ‘सर’ म्हणणारी चार माणसं होती...

“होती की,” मी म्हणालो. “अक्षर लई छान होतं तिचं.”

पोरगी तेवढ्यावरच खूश झाली.