डावीकडून आलेला ठोसा

माजरीहून भद्रावतीच्या शाळेत शिकवायला मी रोज एका खाजगी मेटॅडोरनं जायचो. तिचा ड्रायव्हर स्वतःला खाण कामगारांच्या स्पर्धांतला जुना बॉक्सर म्हणवायचा. सुटण्याआधी टपरीवर चहा पिता पिता तो आपले हरलेले सामने सांगायचा, आणि एकाही सामन्यात चूक त्याची नसायची.

"पंच त्याच्याच गावचा होता गुरुजी, मले कसा जिंकू देईन?" हे सोमवारी. बुधवारी ग्लोव्हज ओले होते. पुढे कधी दोर ढिले निघाले. सांगताना तो मुठी हनुवटीशी धरायचा आणि शेवटी मान झटक्यानं उजवीकडे फेकायचा. "डावीकडून बसला ना एक!"

हा कधी रिंगणात उतरला असेल, असं मला वाटेना. पण कारणं बदलत होती आणि ठोसा मात्र दर वेळी डावीकडूनच येत होता. ते मला टोचू लागलं.

एकदा मी मुद्दाम त्याच्या डाव्या हाताशी भरलेला ग्लास सरकवला. त्याचा कोपर लागला, चहा सांडला.

"टेबलच वाकडा आहे इथचा," तो म्हणाला.

त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. ते ठोसेही दिसले नसणार.

त्या दिवशी मागे चौदा माणसं बसली होती. मी पुढे, त्याच्या डावीकडे बसलो. खाणीच्या फाट्यावर एक ट्रक सरळ आमच्यावर येताना दिसला आणि मी ओरडलो, "डावीकडून ट्रक!"

त्यानं आधी करकचून ब्रेक दाबला. मग म्हणाला, "दिसला होता मले."