गल्लीच्या तोंडाशी पंधरा मिनिटं

हौसाबाईचा डोळा लागतोय. लागतोय म्हणजे अजून लागलेला नाही. बाहेर ओसरीवर नऊ माणसं लाल कोट चढवून बसलीत, त्यातलं कुणी खोकललं तरी तिला कळतंय. दुपारचे तीन वाजलेत. वाद्यं ठेवायच्या खोलीत मोठ्या ढोलाला पाठ टेकून ती बसलीय आणि तिच्या मुठीत एक सुपारी आहे. सकाळपासून ती मुठीतच आहे.

ही सुपारी खायची नव्हे. बँड ठरवायला आलेल्यानं मालकाच्या हातात सुपारी ठेवायची आणि मालकानं ती कनवटीला खोचली की शब्द पक्का, हा रिवाज ज्ञानू मास्तरांच्याही आधीचा. मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून बँडची मालकीण त्यांची बायको, हौसाबाई. सकाळी बापूसाहेबांच्या संस्थेतला दिगंबर सुपारी ठेवून गेला. तिनं ती खोचलीही नाही आणि परतही केली नाही.

बापूसाहेब काल सुटले. त्यांच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला असलेल्या पोरीनं त्यांच्यावर अत्याचाराची फिर्याद दिली होती. पाच वर्षं खटला चालला, टीव्हीवाल्यांच्या गाड्यांनी गावात मुक्काम ठोकला, आणि काल कोर्टानं संशयाचा फायदा देऊन त्यांना सोडलं. 'संशयाचा फायदा' हे शब्द वेशीपर्यंत येता येता कुठंतरी सांडले आणि गावात नुसतं 'निर्दोष' येऊन पोचलं. रातोरात 'सत्याचा विजय' असे फ्लेक्स लागले. पेढे वाटले गेले. पाच वर्षं 'आपल्याला काय करायचंय' म्हणून अंग चोरणारे आज 'मी पहिल्यापासून सांगत होतो' म्हणत चहाच्या गाड्यावर बसलेत. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय. शहरात पोरी तोंडाला काळ्या पट्ट्या बांधून रस्त्यावर बसल्यात, तेही टीव्हीवर दाखवत होते. गाड्यावरच्या कुणीतरी चॅनल बदललं. नळावर मात्र सकाळी बायका गप्प होत्या. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.

पाच वाजता वेशीपासून मिरवणूक आहे. डीजेला पोलिसांनी नाही म्हटलं, म्हणून मास्तरांचा बँड. आणि दिगंबर जाता जाता सांगून गेला की जनाबाईच्या गल्लीच्या तोंडाशी पंधरा मिनिटं थांबायचं, आणि तिथं जोरात वाजवायचं.

जिंकलेल्यानं हरलेल्याच्या दारात वाजवून जायचं, हे या भागात निवडणुकीला चालतं. पण ती पोर जनाबाईची लेक. तिचं नाव घ्यायचं नाही असं कायदा म्हणतो आणि गावानं ते घेतल्यावाचून एक दिवस काढला नाही. आपण तरी नको घ्यायला. लहानपणी ती शाळा सुटली की याच खोलीच्या उंबऱ्यावर बसून तालीम ऐकायची, एवढं सांगितलं तरी पुरे.

सुपारी घामानं निसरडी झालीय. हौसाबाई मूठ आवळते. खोलीत लवंगेचा वास येतो.

लवंग मास्तरांच्या दाढेखाली कायम असायची. हौसाबाई मान वळवते तर कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीवर मास्तर बसलेत. लाल कोटाची पितळी बटणं धोतराच्या सोग्यानं पुसतायत. तिला नवल वाटत नाही. एवढंच वाटतं की यांना चहा विचारायला हवा.

"वरचं बटण ढिलं हाय," मास्तर म्हणतात. "शिवलं न्हाईस?"

"तुमी गेल्यावर कोट कुणी घातलाय?" ती म्हणते. "आज पाचला मिरवणूक हाय. ठाऊक हाय का?"

"ठाऊक हाय. त्यापायीच आलो."

ते उठतात आणि ती त्यांच्या मागून चालते. खोलीला दार उरलेलं नाही, पायाखाली फरशी आहे, लांबच लांब, जिल्हा कोर्टाची. पोरीच्या साक्षीच्या वेळी आतल्या दालनात कुणालाच जाऊ दिलं नव्हतं. जनाबाईसुद्धा तीन दिवस बाहेर बाकड्यावर बसून होती आणि तिच्या तोंडूनच हौसाबाईनं सगळं ऐकलेलं. पण स्वप्नाला शिपाई अडवत नाही. बंद दार त्यांच्यासाठी पडद्यासारखं बाजूला होतं. आत पिंजऱ्यात जनाबाईची लेक उभी आहे. समोर काळ्या कोटातला बापूसाहेबांचा वकील विचारतोय, त्या दिवशी दार आतून बंद होतं की बाहेरून. ती सांगते. तो परत तेच विचारतो, या अंगानं, त्या अंगानं, हसत, डाफरत. त्याचा आवाज ढोलासारखा घुमतो. ती प्रत्येक वेळी तेच सांगते, त्याच शब्दांत, ना हळू ना मोठ्यानं.

मास्तर मांडीवर बोटानं ताल धरून ऐकतायत. तालमीला नवा माणूस यायचा तेव्हा ते असेच मान तिरकी करून ऐकायचे, आणि सूर हलला की बोट थांबायचं. हौसाबाई त्या बोटाकडे बघत राहते. बोट थांबत नाही.

"तीन दिस," मास्तर म्हणतात. "एकदाबी सूर सुटला न्हाई पोरीचा. माझ्या आख्ख्या बँडात असा माणूस न्हवता."

"आपल्या उंबऱ्यावर शिकली ती," हौसाबाई म्हणते आणि तिचा ऊर भरून येतो. हा अभिमान आहे हे तिला लख्ख कळतं. पोर हरली असं गाव म्हणतंय. कुठं हरली?

मास्तर उभे राहतात आणि डोक्यावरची झुपकेदार टोपी काढून छातीशी धरतात. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढे धरायचे, तशी. जन्मात त्यांनी ती कुणा माणसापुढे काढलेली तिनं पाहिली नव्हती, मोठमोठ्या वरातींतसुद्धा नाही.

पिंजऱ्याच्या कठड्याला दोरी बांधलीय, दोरीवर एक फाटकं लुगडं वाळत आहे, आणि हे कोर्ट नव्हे. ही रखमाची झोपडी आहे.

एकतीस वर्षांपूर्वी ऊसतोडीला आलेल्या रखमानं मुकादमावर अशीच फिर्याद दिली होती. तोही सुटला, त्याचीही मिरवणूक निघाली आणि मास्तरांनी ती वाजवली. हौसाबाई तेव्हा बाळंतीण होती, घरात पडून आवाज ऐकत होती. मास्तर परत आल्यावर तिनं एकच विचारलं होतं, कुठवर वाजवलंत. मारुतीच्या देवळापर्यंत, ते म्हणाले होते. मारुतीचं देऊळ रखमाच्या झोपडीच्या बरंच अलीकडे आहे. पुढच्या आठवड्यात रखमा गाव सोडून गेली. आणि त्याच सुमारास मास्तरांनी आपली क्लॅरिनेट या पत्र्याच्या पेटीत घातली, कुलूप लावलं आणि हातात नुसती छडी घेऊन बँडच्या पुढे चालायला लागले. लोक म्हणाले, ज्ञानू आता मास्तर झाला.

"देवळापर्यंत न्हवतं," मास्तर म्हणतात. ते झोपडीच्या दाराकडे बघतायत, तिच्याकडे नाही. "हितं. हिच्या दारात. अर्धा तास उभं केलं त्यांनी मला. ती आत हुती. पोरगं रडत हुतं तिचं."

"मला म्हाईत हुतं," हौसाबाई म्हणते.

"कवापासनं?"

"त्याच सांजच्यापासनं. वारा हिकडचा हुता. आवाज कुठनं येतोय, कळत हुतं की."

"मग बोलली का न्हाईस कवा?"

बोलली असती तर यांना तोंड लपवायला जागा उरली नसती, आणि तिलाही. दोघांनी मिळून झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली. रखमा मात्र गाव सोडून गेली.

"भ्याले," ती म्हणते.

"मीबी," मास्तर म्हणतात.

मग हौसाबाई मूठ उघडून त्यांना सुपारी दाखवते. काय करू, असं ती विचारत नाही. इथवर चालत येईतो तिचं ठरून गेलंय, हे तिलाच आत्ता उमगतं.

"मी परत देणार हाय," ती म्हणते. "हंगाम बुडंल. नऊ घरांची चूल हाय ह्या बँडावर. पर जनाच्या दारात न्हाई वाजणार. हात कापत्यात माझं, बघा."

ते तिचा हात हातात घेतात. त्यांचा हात कोरडा आणि ऊनऊन आहे.

"भिऊ नगंस असं म्या कोणच्या तोंडानं म्हणू?" मास्तर म्हणतात. "भीत भीतच दे. पर दे." आणि हात न सोडता, "माझ्यापेक्षा तू मोठी निघालीस, हौसा. लई बरं वाटलं."

जिवंतपणी या माणसानं तिच्या भाकरीलासुद्धा कधी बरं म्हटलं नव्हतं. तिला हसू येतं आणि रडूही येतं.

झोपडी राहिलेली नाही. पत्र्याची पेटी उघडी आहे आणि मास्तर क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसलेत. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते. ती ओली असल्याशिवाय सूर धरत नाही, कोरडी वाजवली तर चिरकते. मास्तर पत्ती जिभेवर धरून भिजवतायत, सावकाश.

"वाजवताय?" ती विचारते.

"न्हाई. नुसती भिजवून ठिवतो. पोर वरच्या कोर्टात जाणार म्हणतीया ना? तिकडनं आली की लागंल."

"हौसामावशी," कुणीतरी हाक मारतं.

दारात दिगंबर उभा आहे. कपाळाला आत्ताच गुलाल. पाच वाजायला आलेत, बापूसाहेबांची गाडी फाट्यावर आलीय, असं तो सांगतो. हौसाबाई ढोलाला धरून उठते. तिचा गुडघा दुखतो. ती त्याच्यापुढे जाते आणि सुपारी त्याच्या तळहातावर ठेवते.

"मास्तरांचा बँड त्या गल्लीत वाजणार न्हाई," ती म्हणते. "दुसरं कोण मिळतंय का बघ."

दिगंबर आधी हसतो. मग हे महागात पडेल असं सांगतो, पुढच्या लग्नसराईचं सांगतो, कोर्टापेक्षा तू शहाणी काय, असंही विचारतो. हौसाबाई नुसती उभी राहते. एकदा सांगितलं त्याला दुसरा शब्द जोडायचा नाही, एवढं जनाबाईच्या लेकीकडून ती शिकलीय. तो पाय आपटत जातो.

ओसरीवर यशवंता ढोलवाला कोटाची बटणं काढायला लागतो. तोही म्हातारा झालाय. एकतीस वर्षांपूर्वी रखमाच्या दारात त्याच्याच गळ्यात ढोल होता. बाकीचे त्याच्याकडे बघतात आणि आपापली बटणं काढतात. नऊच्या नऊ कोट तो घडी घालून हौसाबाईच्या हातावर ठेवतो.

कोट ठेवायला ती कमरेची किल्ली काढून पेटी उघडते. सहा वर्षांत तिनं हे कुलूप काढलेलं नाही. गंज चढल्यामुळे ते दोन हिसक्यांनी निघतं. आत मळक्या फडक्यात क्लॅरिनेट आहे. ती फडकं सोडते आणि पत्तीवर अंगठा टेकवते.

पत्ती ओली आहे. ती अंगठा नाकाशी नेते. लवंगेचा वास येतो.

ती कोट पेटीत ठेवते, पेटी लावते. क्लॅरिनेट मात्र बाहेर, सगळ्यांच्या हाताला येईल अशा कोनाड्यात ठेवते.