सुनीताच्या मनगटावरचा चुन्याचा ठिपका

करणी, अंगारे, भुतंखेतं... माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.एस्सी. — तेही फिजिक्स! तरी हे लिहून ठेवतोय.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी जालना एमआयडीसीत सळ्या तपासायच्या लॅबमध्ये होतो. धाकट्या बहिणीचं, सुनीताचं लग्न चार दिवसांवर, म्हणून हसनाबादला घरी आल्तो. ओसरीत कासारीण मावशी तिला बांगड्या भरत होत्या. उजवा हात झाला. डाव्यात दोनच गेल्या अन् मावशी थांबल्या. बांगड्या वाजवून कान लावला. पुन्हा उजवा... पुन्हा डावा.

"ह्या हाताचा आवाज बद्द येऊन राह्यला. हाडात पोकळी हाय."

"मावशी, आधी कान तपासा तुमचे!"

"लई शिकलास न्हवं? मंग हाडाचा फोटो काढ की!" डबीतला चुना बोटावर घेऊन त्यांनी अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर ठिपका दिला. "हितं."

सूज नाही, गाठ नाही. पण सुनीताचे डोळे भरले. "दादा, भाकरी थापताना कळ येते. लग्न मोडंल म्हणून कुणालाच बोलले न्हाई."

माय म्हणाली, "तेल लावून चोळून घेऊ, बिलकुल बरं व्हईल."

"आधी फोटो!" मी अडून बसलो.

सकाळच्या एसटीनं जालना गाठलं. लॅबवाल्याची सवय — फोटोत नेमकी जागा कळावी म्हणून चुना पुसून तिथं मी टाचणी चिकटवायला लावली. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडावर धरली. टाचणीची पांढरी रेघ... अन् बरोबर तिच्याखाली हाडात काळी पोकळी! कवच कागदाएवढं उरलेलं.

"चोळलं नाही ना? मोडलंच असतं. गाठ आहे. आता तपासणीसाठी म्हणून कुठंही सुई टोचून घेऊ नका. जो ऑपरेशन करील, तपासायचा तुकडाही त्यानंच काढायचा."

औरंगाबादला तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, पण हाड पोखरणारी गाठ होती. उशीर झाला असता तर मनगटाचं हाडच काढावं लागलं असतं, असं सर्जन म्हणाले. गाठ खरवडून त्यांनी त्या पोकळीत तिच्याच कमरेचं हाड भरलं. व्याह्यांनी निरोप धाडला, "तारीख पुढं ढकला, पोरीचा हात जपा."

ऑपरेशनच्या आधी मी स्वतः त्याच बांगड्या सुनीताच्या दोन्ही हातांत वाजवून पाहिल्या. डोळे मिटून, दहा वेळा. आवाज एकच! मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मला ऐकू आलं, म्या सांगितलं. अजून काय सांगू?"

सर्जन योगायोग म्हणतात. मला ते पटत नाही, अन् दुसरं काही सुचतही नाही. पण सुनीता आज सासरी त्याच हातानं दहा माणसांच्या भाकरी थापते!