तोंडातली रीड

मी गाण्यांचं मिक्सिंग करते. वादक मला सहसा भेटत नाहीत, त्यांचे आवाज फाइलमधून येतात. काल मात्र एक सॅक्सोफोनवाला वाघोलीच्या स्टुडिओत समोर बसला, त्याने रीड तोंडात धरली आणि मला येरवड्याचं आमचं घर आठवलं.

रीड म्हणजे बोरूची पातळ पट्टी. ती ओली करून लावल्याशिवाय सॅक्सोफोन नीट बोलत नाही. अब्बा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. संध्याकाळी रियाजाला बसताना त्यांच्या तोंडात रीड गेली की त्यांना नुसतं "हं" करता यायचं. अम्मी नेमकी तेव्हाच विचारायची, "अहो, पडदे बदलू या का?" "हं." "माझी बहीण आठ दिवस राहायला येऊ दे ना?" "हं."

बारावीनंतर मीही तीच वेळ साधली. "अब्बा, मला कॉलेज नको. रेकॉर्डिंगचं काम शिकायचंय."

अब्बांनी रीड तोंडातून काढली. मला वाटलं, संपलं. अम्मीची पोळी तव्यावर करपली. रीड सदऱ्याला पुसत ते म्हणाले, "हे नुसत्या हं-वर नको. जा, शीक. वरातीत माझा सॅक्सोफोन ताशाखाली गाडतात, त्याचं काहीतरी कर."

तोंडात रीड असताना अब्बांकडून हो म्हणवून घेणाऱ्या अम्मीचं मला इतकी वर्षं कौतुक वाटत आलं.

काल त्या वादकाने मिनिटभरात रीड लावून सूर धरला. मी विचारलं, "एवढ्यात भिजली?"

"एवढंच लागतं, मॅडम."

अब्बा तर अम्मीचं सगळं विचारून होईपर्यंत रीड तोंडात धरून बसायचे.