अक्कांच्या कॉम्प्युटरचे तीन पहारेकरी

अक्कांच्या कॉम्प्युटरवर तीन तीन अँटीव्हायरस होते, आणि त्यातला एकही अक्कांनी निवडलेला नव्हता. आहे की नाही कमाल?

भरतकामाचं मशीन त्यांचं, कॉम्प्युटर त्यांचा, त्यातली वर्षानुवर्षं खपून केलेली नक्षीही त्यांचीच. शाळांचे बिल्ले, दवाखान्याच्या कोटांवरची चिन्हं, यावरच घर चालायचं. पण अँटीव्हायरस कोणता, हे ठरवणार घरातले पुरुष! पहिला दिरांनी टाकला. "वहिनी, तुम्ही यात पडू नका." पुढच्या सुट्टीत जावयांनी दुसरा टाकला. दिरांचा काढला तर ते रुसतील, म्हणून तो राहू दिला. मग अक्कांच्या भावाने आधीचे दोन्ही तसेच ठेवून तिसरा टाकला. जावयांचं मन कोण दुखावणार? एका कॉम्प्युटरवर असा एकच पहारेकरी ठेवायचा, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण मानपान आड आला ना!

पहारेकरी आपसातच भांडू लागले. कॉम्प्युटर मुंगीच्या पावलांनी चालायचा. आणि परवा तर कहरच झाला. दवाखान्याचा माणूस संध्याकाळी कोट न्यायला येणार, आणि सकाळी नक्षीच्या सगळ्या फायली गायब! अक्कांनी जावयांना फोन लावला.

"आई, तुम्हीच काहीतरी भलतं दाबलं असणार."

अक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भलतं दाबलं म्हणे! इतकी वर्षं हे हात एक टाका चुकले नाहीत! त्यांनी फोन ठेवला, चष्मा चढवला आणि पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. जावयांच्याच अँटीव्हायरसने फायली संशयित म्हणून कोंडून ठेवल्या होत्या. अक्कांनी त्या सोडवल्या आणि तिन्ही पहारेकऱ्यांना घरचा रस्ता दाखवला. कॉम्प्युटरबरोबर मूळचाच एक आला होता, बिचाऱ्याला या गर्दीत कुणी विचारलंच नव्हतं. तो सुरू केला, नक्षीची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवली. कोट वेळेवर गेले.

रविवारी मंडळी जेवायला आली. जावई सवयीने कॉम्प्युटरसमोर बसले.

"आई, पासवर्ड बदललात? काय ठेवलाय?"

"पासवर्ड घरच्यांनाही सांगायचा नसतो, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

दीर खो खो हसले आणि मदतीला उठले.

"भावजी," अक्का म्हणाल्या, "तुम्ही यात पडू नका."