हर्षालीच्या घागरी

आमच्या आदिलाबादकडे बाबासाहेबांची जयंती एका दिवसात आटपत नाही. आज या गावची, परवा त्या गावची, असं करत मे उजाडतो. पाहुण्यांना सगळीकडे जेवता यावं हाच खरा हेतू, असं माझं मत आहे. प्रत्येक गावी लेकी-सुनांची धावण्याची शर्यत असते आणि पहिलीला स्टीलची घागर.

माझी भाची हर्षाली मागच्या पोलीस भरतीत धावण्यात थोडक्यासाठी बाद झाली. घरी आली ती तोंड लपवतच. आता पुढची भरती हीच तिची आशा. एकटीनं पळून वेग येत नाही, म्हणून तिनं जयंतीच्या शर्यतींतच सराव करायचं ठरवलं. मी तिला फटफटीवर न्यायचो आणि मीटर बघून भरतीएवढंच अंतर आखून द्यायचो, म्हणजे मागच्या गावापेक्षा वेळ कमी झाला का ते कळे. पंचांचं काय जातं? फुकटात चुन्याची रेघ मारणारा मिळाला. शेवटची रेघ सगळीकडे मांडवाच्या आत, स्टेजपुढे.

वेळ कमी होत गेला, तशी पोरगी जास्तच लाजायला लागली. ही बूट घालून पळे, बाकीच्या बाया पदर खोचून, अनवाणी. घागर हिचीच. माझी बहीण राहीबाई त्या घागरी फळीवर मांडून आल्यागेल्याला दाखवी आणि हर्षाली घागरींवर चादर टाकी. तामसीकडच्या एका गावात कोणीतरी बोललंच, "आली भांडेवाली!" बाया हसल्या. मीही हसलो. परतताना ती म्हणाली, "मामा, मले चोरी केल्यासारखं वाटून राह्यलं."

दर वेळी दुसरी यायची ती सोजरबाई, शेजारच्या गावची अंगणवाडीची बाई, चाळिशीची. सोयरीक सगळीकडे, त्यामुळे ती प्रत्येक शर्यतीला हजर. आम्हाला वाटे, बिचारीला घागरीची आस आहे. म्हणून सोजरबाईच्या माहेरच्या गावी हर्षाली शेवटच्या वळणावर पोट धरून मंदावली. जयंतीच्या नाटकातही तिला कोणी घेतलं नसतं, इतकं ते सोंग वाईट. सोजरबाई पुढे गेली. टाळ्या झाल्या, घागर मिळाली. हर्षालीचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसला.

आम्ही फटफटी काढतो तोच सोजरबाई आली. घागर तिनं सीटवर ठेवली.

"पोट दुखलं काय वं पोरी?"

"हो, काकू."

"खोटं. तू थांबली. काऊन थांबली?"

हर्षाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागली.

"पह्यल्या गावात तू पोचली तवा मी दूर बाभळीपाशी होती. मंग दुसऱ्या गावात हापशीपाशी आली. मागच्या खेपेस मांडवाच्या तोंडाशी. घागरी लय हायेत माह्या घरी. आज माहेरच्या लोकायसमोर पाहाचं होतं, तू पोचशीन तवा मी कुठवर आली ते. आता कसं कळन?"

"माफ करा," हर्षाली पुटपुटली, तेही धड ऐकू आलं नाही. सोजरबाई वळूनही न बघता गेली. घागर मांडीवर घेऊन पोरगी घरी आली. राहीबाईनं तीही पुसून फळीवर मांडली. त्या रात्री हर्षाली फळीकडे पाठ करून जेवली. दया करायला गेली आणि स्वतःच्याच नजरेतून उतरली.

पुढची जयंती बोथकडे होती. सोजरबाई आली, पण आमच्याशी बोलली नाही. हर्षाली जीव तोडून पळाली. आजवरचा सगळ्यात कमी वेळ! मी घड्याळ नाचवत ओरडलो. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. रेघ ओलांडताच ती मागे फिरली, त्या क्षणी सोजरबाई जिथे होती तिथे धावत गेली आणि तिथेच उभी राहिली, जागा चुकू नये म्हणून.

सोजरबाई रेघेपर्यंत जाऊन धापा टाकत परत आली. हर्षाली जिथे उभी होती तिथून तिनं रेघेकडे पाहिलं. जागा मांडवाच्या चांगली आत होती.

"इथवर आल्या होत्या तुमी, काकू," हर्षाली म्हणाली. मान तिची अजून खालीच होती.