टाकीखालची खोली

पाण्याच्या टाक्या विकणारी बाई टाकीवर चढत नाही, हे माझ्या दुकानात सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "दीदी, एक बार ऊपर आके देख लो, कहाँ बैठेगी." मी माणूस पाठवते. भावात मी कोणाला सहज सोडत नाही, समोरचा दमेपर्यंत बोलते, पण शिडीला हात लावत नाही.

राज्य नवीन झालं आणि रायपूर राजधानी, त्या दिवसांतली ही गोष्ट. सरकारला बसायला जागा पुरत नव्हती. रिकामी इमारत दिसली की तिच्यावर पाटी चढायची. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाचा पुढचा अर्धा भाग असाच एका नव्या कार्यालयाला गेला, आणि मुली मागच्या भागात दाटीने सरकल्या.

मी तिथे राहत होते, पण फी भरून नाही. आमचं घर भनपुरीला, ट्रकांच्या रांगेला लागून. बाबा रेल्वेत हेल्पर. दोन खोल्यांत आईबाबा, मी, आणि नुकतं लग्न झालेला भाऊ. ट्रकच्या दिव्यात अभ्यास केला असं काही लोक मोठेपणी सांगतात. ट्रकचा दिवा डोळ्यांत जातो, त्यात अक्षर दिसत नाही. बाबांची अट साधी होती: राहायची सोय तुझी तू करत असशील तर शीक, नाही तर नागपूरकडचं जे स्थळ आलंय त्यांना हो म्हणून टाकतो.

सोय मी केली. वसतिगृहाच्या अधीक्षिका मराठी होत्या, तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतल्या. त्यांचं मराठी धुतल्यासारखं, माझं भनपुरीचं. मागच्या अंगणात चार खांबांवर सिमेंटची टाकी होती आणि खांबांच्या मधोमध एक लहान खोली. खोलीत पंपाचं बटण, मोडकी बाकं, फिनाइलचे डबे; बाहेर भिंतीलगत जमिनीतला हौद, ज्यातून पंप पाणी खेचायचा. त्यांना सकाळ-संध्याकाळ पंप चालवणारी मुलगी हवी होती. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट कधीचा तुटलेला, त्यामुळे शिडीने वर जायचं, बांबू आत बुडवून पाणी मापायचं आणि टाकी भरायच्या आत खाली येऊन बटण बंद करायचं. चुकलं तर जास्तीचं पाणी वरच्या पाइपातून खोलीपुढच्या ओट्यावर धबधबा कोसळायचं.

"दोन वेळचं जेवण देईन," त्या म्हणाल्या. "आणि आपली मराठी मुलगी आहेस, मला काकू म्हण."

"जेवणाचं मी पाहीन. मले ती खोली द्या, मॅडम."

"काकू."

"मले ती खोली द्या, काकू."

"अगं, किडामुंगी निघते तिथे."

"निघू द्या."

"शिडी केवढी उंच आहे. पोरी वर पाहूनच घाबरतात."

"मले कायचंच भेव नाही वाटत."

हे वाक्य मी सौद्यात टाकलं होतं, गिऱ्हाईक 'आपल्याला काही घाई नाही' म्हणतं तसं. त्यांनी ते पदराला बांधून ठेवलं. काकू म्हणायला लावलं की समोरच्याला जास्त मागता येत नाही, हेही मला त्याच दिवशी कळलं. पण खोली मिळाली होती. मी बाकं रचून पलंग केला, भिंत पुसली, दाराला आतून कडी बसवली. जन्मात पहिल्यांदा मी आतून लावून घेईन असं दार माझ्याकडे होतं.

आवारातल्या काटेसावरी फुलल्या आणि एका सकाळी मी पंप सुरू करून बाहेर आले तर टाकीच्या पोटाला काळं पोतं टांगल्यासारखं दिसलं. रात्रीतून कोणी काय लटकवलं म्हणून मी शिडीच्या चार पायऱ्या चढले. पोतं हललं. वरून खाली एक लाट गेली, वाऱ्याने ज्वारी हलावी तशी, आणि सर्र आवाज आला. ते सगळं जिवंत होतं. हजारो माशा एकमेकींना धरून लोंबत होत्या.

मेसचा स्वयंपाकी दारात दात घासत उभा होता. "भांवर माछी आय नोनी," तो म्हणाला आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं. आपल्याकडे त्यालाच आग्यामोहोळ म्हणतात. आमच्या आजोळच्या गावात एक बैल या माशांनी मारला होता. माणसं दोरी सोडवायलासुद्धा जाऊ शकली नव्हती, असं आई सांगायची.

शिडी माशांच्या त्या पडद्याला हात लागेल इतक्या जवळून वर जात होती.

मी अधीक्षिकांकडे गेले. "काकू, टाकीखाली आग्यामोहळ बसलं. आता कशी चढू मी?"

त्या रांगोळीचा डबा आवरत होत्या. "तू तर म्हणालीस, कशाचंच भय नाही."

"तवा ते नव्हतं."

"मग दुसरी बघू का कोणी? त्या खोलीसाठी दोघी-तिघी विचारून गेल्यात."

"नाही," मी म्हटलं. "चढते मी."

त्यानंतर रोज चढले. केसांना तेल लावणं सोडलं, साबणाचा वासही नको म्हणून कपडे नुसत्या पाण्यात खळबळले. भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला ओढणी, डोळ्यांपुरती फट. शिडीचं लोखंड वाजू नये म्हणून अनवाणी जायची. पडद्याजवळ आले की श्वास धरायची. मी जवळ गेले की लाट उठायची, मी थांबले की थांबायची. ती माझ्यावर नजर ठेवून आहे असं वाटायचं. उन्हं वाढली तशा माशा पाण्यासाठी वर टाकीच्या काठाशी येऊ लागल्या. बांबू बाहेर काढला की ओल्या मनगटावर येऊन बसायच्या आणि पाणी प्यायच्या. हात झटकायची सोय नव्हती. त्यांचं पिऊन होईपर्यंत मी त्या उंचीवर हात पुढे धरून उभी राहायची, आणि पोटऱ्या अशा थरथरायच्या की शिडीचा खिळा किरकिरायचा. खाली आल्यावर कडी लावून जमिनीवर बसायची. मग पुस्तक उघडायची. आधी अक्षरं हलायची, मग स्थिर व्हायची. त्या खोलीची एवढी किंमत मी मोजत होते आणि ती कोणालाही कळू देत नव्हते.

मग पुढच्या भागातल्या नव्या कार्यालयाचं उद्घाटन ठरलं. पंडितजी आले, होकायंत्र घेऊन इमारतीला फिरले आणि म्हणाले, हवन ईशान कोणातच व्हायला हवं. ईशान्येला आमची टाकी. तिच्याखालचा ओटा त्यांना फारच आवडला. आवारातली तेवढीच जागा धुतल्यासारखी स्वच्छ होती, कारण तिच्यावर वर्षानुवर्षं टाकीचं पाणी सांडत आलं होतं.

"ऊपर जल, नीचे अग्नि," पंडितजी खूश होऊन म्हणाले. "ऐसा स्थान मिलता कहाँ है."

त्यांनी वर पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं. म्हणाले, हवनाचा धूर पवित्र असतो, जीवजंतू आपोआप निघून जातात. अधीक्षिकांनी मान डोलावली. त्यांच्या घरी दर श्रावणात होम होई आणि कधी एक माशीसुद्धा त्रास देत नसे, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

माझा ताबा सुटला. हातातला मापाचा बांबू मी ओट्यावर आपटला. "काकू, मी रोज जाते तिथून. मले माहीत आहे. नुसत्या श्वासानं हलते ते. इथं धूर केला तर कोणी वाचनार नाही. मले रोज भेव वाटते, रोज."

बोलून गेल्यावर कळलं की सौद्यातलं माझं मुख्य वजन मीच उचलून बाहेर फेकलं.

"म्हणजे भय वाटतं तर," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आणि पाहुण्यांसमोर बांबू आपटतेस. कार्यक्रम होऊ दे. मग खोली रिकामी कर."

उद्घाटनाच्या सकाळी त्यांनी मला एकच काम दिलं: टाकी भरून ठेव, पाहुण्यांना पाणी लागेल. मी पंप सुरू केला आणि खोलीबाहेर येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. अधीक्षिका मोगऱ्याचा गजरा माळून पुढे बसल्या होत्या. साहेब लोक, त्यांच्या बायका, सतरंजी. तूप पडलं, लाकूड धरलं, आणि धूर सरळ वर गेला.

मी धुराकडे पाहत नव्हते, पडद्याकडे पाहत होते. लाट आली. दुसरी आली. मग लाटा थांबल्याच नाहीत, सगळा पडदा उकळल्यासारखा झाला आणि खालचा काठ सुटून गळायला लागला. आवाज ट्रक चढावर चढतो तसा.

"उठा," मी ओरडले, पण मंत्र चालू होता.

मी खोलीकडे वळले. माझ्या आधी सतरंजी उठली होती. कोणी कोणाला ढकलत होतं, पंडितजी धोतर सावरत धावत होते, आणि सगळ्यात जवळचं दार माझं होतं. काही जण आत घुसले, मी उंबऱ्यापाशी पोचले आणि आतून कडी पडली. मीच बसवलेली.

"काकू, मी आहे. उघडा."

"नाही, माशा आत येतील," अधीक्षिकांचा आवाज आला. "तू पळ, बाळा, पळ."

मानेवर पहिला डंख बसला, मग कानामागे, मग ओठावर. पुढच्या भागाकडे पळणारे लोक हात उडवत होते आणि माशा त्यांच्या मागे होत्या. मी खाली बसले, खोलीच्या भिंतीलगतच्या हौदाचं पत्र्याचं झाकण ओढलं आणि आत उतरून ते डोक्यावर ओढून घेतलं.

आत पाणी कमरेला होतं आणि काळोख. माझ्याबरोबर काही माशा आल्या होत्या. दिसत नव्हत्या, नुसत्या कानाशी होत्या. मी तोंड पाण्यात घालायची, गुदमरले की वर काढायची, आणि त्या तिथेच असायच्या. पायाशी पंपाचा पाइप पाणी खेचत थरथरत होता. पत्र्यावर गारा पडाव्यात तशा माशा आपटत होत्या. आपण इथे मेलो तर काकू खोली दुसरीला देतील, हा विचार मला आला, आणि भीतीतसुद्धा राग आला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वर कुठेतरी धबधबा सुरू झाला. तो आवाज मी चांगला ओळखत होते. टाकी भरली होती. बटण आतल्या लोकांच्या हाताशी होतं आणि त्यांच्यातल्या कोणाला ते दाबायचं सुचलं नव्हतं. पाणी ओट्यावर कोसळलं, हवनकुंड चरचरलं. ओल्या राखेचा वास हौदापर्यंत आला. धूर संपला तशी पत्र्यावरची आपट हळूहळू विरळ होत गेली.

मी झाकण बोटभर उचललं. माशा टाकीच्या पोटाला परत जमत होत्या. बऱ्याच अजून हवेत होत्या. मी रांगत, भिंतीला चिकटून दारापर्यंत गेले. एक डोळा मिटला होता.

"कोण आहे?" आतून अधीक्षिका.

"मी."

"गेल्या का गं?"

"नाही गेल्या." ते खरंच होतं.

"माझी पापणी बघ केवढी सुजलीय. मला डॉक्टरकडे न्यायला हवं. कुठून निघता येईल ते बघ ना, बाळा."

"पाहते, मॅडम. पहिले सांगा, शेवटच्या परीक्षेपर्यंत ही खोली कोनाची?"

"मॅडम काय म्हणतेस? काकू म्हण."

"मॅडम, खोली."

"ही काय वेळ आहे का?"

"मले दुसरी वेळ नाही भेटनार."

एक माशी दाराच्या फळीवर, माझ्या नाकापुढे चालत होती आणि मी तिच्यावरून नजर काढू शकत नव्हते. आतून एका साहेबाचा वैतागलेला आवाज आला, "दे दो मैडम, कमरा ही तो माँग रही है. कोई मंत्रालय थोड़ी माँग रही है."

"बरं," अधीक्षिका म्हणाल्या. "तुझी."

"पंडितजी, सुना आपने?"

"सुना, बेटी, सुना. अब निकालो."

"आनं टाकीले फ्लोट बसवून द्या. मी वर नाही चढनार. मले भेव वाटते."

या वेळी ते मी मागणी म्हणून बोलले.

"देते," त्या म्हणाल्या.

कडी निघाली. मी माझी चादर भिजवून त्यांच्या डोक्यांवर धरली आणि एकेकाला भिंतीकडेने, हात न हलवता चालायला लावलं. प्रत्येक फेरीला मला वाटे, या वेळी पडदा सुटेल. तो हलायचा आणि थांबायचा. अधीक्षिका शेवटी निघाल्या. स्वयंपाकघराच्या दारात पोचल्यावर त्यांनी सुजलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"आपल्या माणसाशी असा सौदा करतात का?"

"आपल्या मानसाले दार उघडतेत, मॅडम," मी म्हटलं.

त्या आजही कधी चौबे कॉलोनीत कोणाच्या घरी भेटतात. मला पुढे करून सांगतात, हिला मी ठेवून घेतली म्हणून शिकली. मी चहा पिते. फ्लोट त्यांनी बसवला, मात्र पावसाळ्यात, माशा आपणहून उठून गेल्यावर. तोवर मापायला कोणीच वर गेलं नाही. टाकी रोज सांडायची आणि तो आवाज ऐकून मी खाली बटण बंद करायची.

त्या दिवशी मी खोलीत परतले आणि कडी लावली. बाकांचा पलंग ढकललेला, वह्या पायांखाली आलेल्या. जमिनीवर अधीक्षिकांचा गजरा पडला होता आणि सगळी खोली मोगऱ्याने घमघमत होती. खिडकीच्या जाळीवर एक माशी आली. मग दुसरी. मी चिमट्याने गजरा उचलला, फिनाइलच्या डब्यात बुडवला आणि झाकण दाबून बसून राहिले. जाळीपलीकडे त्या किती तरी वेळ चालत होत्या. खोली माझी होती, आणि बाहेर जायची माझी हिंमत नव्हती.